गाऱ्हाणं सापडेना

कपाट उघडलं की आधी वास येतो. डांबरगोळ्यांचा, जुन्या प्लास्टिकचा आणि कोकणात पावसाळाभर बंद राहिलेल्या कुठल्याही वस्तूला येतो तो कुबट वास. मग कॅसेटी दिसतात. कुडाळजवळच्या आमच्या घरात, माडीवरच्या लोखंडी कपाटात त्या तीन रांगांत उभ्या होत्या. मोजल्या तेव्हा ३१८ भरल्या. तळहातात मावणाऱ्या, एट एमएमच्या. एकीवर निळ्या बॉलपेनने ‘कालो, रातीची’, दुसरीवर ‘अभिमन्यू २’ (१ कुठे आहे ते देव जाणे), तिसरीवर नुसता एक बाण आणि खाली ‘पुसू नये’.

कॅसेटी माझ्या थोरल्या काकांच्या. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना एसटीत कंडक्टर होते आणि त्यांना दशावतार या आमच्याकडच्या लोकनाट्याचं, ‘कालो’चं, वेड. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर हे कपाट भरलं नसतं. संध्याकाळी निघून रात्री गावात मुक्काम करणारी, पहाटे परतणारी वस्तीची गाडी बाकीचे टाळायचे. नाना ती मागून घ्यायचे. कार्तिक उजाडला की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो, आणि जत्रा म्हटली की रात्री देवळापुढे दशावतार आलाच. १९९१ मध्ये मेहुण्याने मस्कतहून कॅमेरा आणला. तेव्हापासून तिकिटांच्या पेटीशेजारी कॅमेऱ्याची पिशवी बसू लागली, ती २००६ पर्यंत.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत नानांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. “झिला, तू पुण्याक कॉम्प्युटरचा काम करतंस मां? ह्या सगळा जरा लायनीत लाव.” मी लगेच हो म्हणालो. एखादं बरं सॉफ्टवेअर शोधायचं, त्यात फाइली ओतायच्या, झालं. पंधरा दिवसांचं काम, असा माझा हिशेब.

पहिलं वर्ष नुसतं उतरवण्यात गेलं. कॅसेटला घाई चालत नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकात यायला नव्वद मिनिटंच घेते. १९९९ मध्ये आलेल्या डिजिटल एट जातीच्या कॅमेऱ्यांपैकी बरेचसे जुन्या एट एमएम कॅसेटीही वाजवतात आणि फायरवायरच्या तारेतून सरळ डीव्ही फाइल बाहेर देतात. असा एक जुना कॅमेरा मिळवला. मिळवायलाच तीन महिने लागले. व्हिडिओची फितीवाली यंत्रं आता कुणी बनवत नाही. व्हीएचएसची यंत्रं शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही जुलै २०१६ मध्ये हात टेकले. २०१९ मध्ये युनेस्कोने चुंबकीय फितींबद्दल जगभर इशारा दिला, त्यात धोक्याचं साल २०२५ धरलं होतं. फिती तोवर टिकतील, पण त्या वाजवायला यंत्र मिळायचं नाही, अशी ती भीती. आमच्याकडे त्यात बुरशीची भर. २६ कॅसेटींच्या फितीवर पांढरी लव धरली होती. तशी कॅसेट यंत्रात घातली तर यंत्राचं डोकंच बरबटतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही प्रसाद मिळतो. त्या २६ बाजूला काढून पुण्याला एका जाणकाराकडे दिल्या. बाकीच्या उतरल्या. एकूण ४३० तास. डीव्हीचा एक तास साधारण १३ जीबी खातो, म्हणजे ५.६ टीबी.

आता सॉफ्टवेअर.

व्हिडिओ लावून ठेवणारे प्रोग्राम शोधायला गेलं की पहिल्यांदा भेटतात ते सिनेमावाले. कोडी, प्लेक्स, जेलीफिन. कोडी मूळचा एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी लिहिलेला. प्लेक्स त्यातूनच फुटून निघाला. जेलीफिन २०१८ च्या अखेरीस एंबी नावाच्या प्रोग्रामापासून वेगळा झाला, आणि तो पूर्ण मुक्त आहे. तिघांचीही रीत एकच. फाइलीचं नाव वाचायचं, ते इंटरनेटवरच्या चित्रपटसूचीशी ताडून पाहायचं, मग पोस्टर, नटनट्या, साल, कथासार सगळं आणून भिंतीवर मांडायचं. ज्याच्याकडे हजार सिनेमे आहेत त्याने यातलाच एक घ्यावा आणि स्वस्थ बसावं. आमच्याकडे असला एक प्रोग्राम लावला, तर ‘वीर अभिमन्यू’ला कुठल्याशा तेलुगू पौराणिकपटाचं पोस्टर चिकटलं. नाना चष्मा वर करून बघत राहिले. “ह्यो खयचो? ह्यो आमच्या काल्यातलो नाय.” दोष प्रोग्रामचा नाही. जगाने आधीच ज्याची नोंद करून ठेवली आहे तेच त्याला ओळखता येतं. घरगुती चित्रणासाठी या प्रोग्रामांत वेगळा कप्पा असतो, पण तिथे ते हात वर करतात आणि फाइलीचं नाव जसंच्या तसं दाखवतात.

दुसरी जात फोटोवाल्यांची. डिजिकॅम हा मुक्त प्रोग्राम फोटोंसाठी असला तरी व्हिडिओही घेतो, आणि त्यात खुणांची उतरंड लावता येते: कंपनी, तिच्या पोटात नट, शेजारी गाव. हा मला आवडला. पण या जातीबद्दल मनात एक अढी आहे. माझ्या पिढीने घरचे सगळे फोटो पिकासात लावले होते, माणसांची नावं चेहऱ्यांना जोडली होती. २०१६ मध्ये तो बंद झाला. फोटो राहिले, रात्र-रात्र जागून केलेली रचना मात्र पुष्कळांची गेली. तेव्हापासून कुठलाही प्रोग्राम उघडला की मी आधी बाहेरचा दरवाजा शोधतो. इथे भरलेलं साध्या तक्त्यात परत काढता येतं का? येत नसेल तर तो कितीही देखणा असो, आपल्या घरी नको.

तिसरी जात डिस्कांची यादी करणाऱ्यांची. व्हीव्हीव्ही नावाचा छोटा मुक्त प्रोग्राम डिस्क एकदा वाचून तिची सूची स्वतःजवळ ठेवतो, मग डिस्क ट्रंकेत असली तरी कुठली फाइल कुठल्या डिस्कवर आहे ते सांगतो. दिसायला अगदी रूक्ष, पण कामाचा. फाइलीची लांबी आणि जात काढायला मीडियाइन्फो. आणि दुबार फाइली हुडकायला एक पोलिश प्रोग्राम, त्याचं नाव च्काव्का. पोलिश भाषेत याचा अर्थ उचकी! आमच्या चुलत बहिणीने विचारलं, “म्हणजे कॅसेटीची कोणीतरी आठवण काढली की हा वाजतो?” तो करतो जवळपास तेच. एकच कॅसेट चुकून दोनदा उतरवली तर दोन्ही फाइली बाइटागणिक कधीच सारख्या येत नाहीत, त्यामुळे नेहमीची ठशांची (हॅशची) जुळणी तिथे आंधळी ठरते. हा चित्रांच्या सारखेपणावरून जोड्या लावतो. आमच्या नऊ जोड्या त्याने पकडल्या.

एवढं सगळं जमवूनही मूळ प्रश्न तसाच. या सगळ्या प्रोग्रामांनी मनाशी एक गृहीत धरलेलं असतं: एक फाइल म्हणजे एक वस्तू. दशावतार रात्री सुरू होतो तो उजाडेपर्यंत चालतो. नानांच्या हिशेबाने एक रात्र म्हणजे तीन ते चार कॅसेटी, मधे बॅटरी बदलण्याची भोकं. उलट एखाद्या कॅसेटीत पहिली वीस मिनिटं पहाटेच्या युद्धाची, मग निळा पडदा, मग आमच्या आतेभावाचं बारसं, मग भलत्याच गावचा गणपती. नोंद कशाची करायची, कॅसेटीची की रात्रीची?

दशावतारात याला आणखी एक पीळ आहे. पूर्वरंगातलं आडदशावतार, म्हणजे गणपती, सरस्वती, संकासुर, सगळीकडे जवळजवळ सारखं. मग उत्तररंगात आख्यान. त्याला लिखित संहिता नसते. कथा सगळ्यांना ठाऊक, कुणी काय व्हायचं ते रात्री जेवणं झाल्यावर ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात. त्यामुळे ‘अभिमन्यू’ या एकाच नावाच्या आमच्याकडे अकरा रात्री आहेत आणि अकराही वेगळ्या आहेत. पार्सेकर, मोचेमाडकर, आजगावकर, वालावलकर अशी कंपन्यांची नावं. राजपार्टी कोण, स्त्रीपार्टी कोण, पेटीवर कोण, पखवाजावर कोण. रसिक माणूस नाटकाच्या नावाने शोधतच नाही. तो म्हणतो, “अमक्याचा पखवाज असलेली ती रात काढ.”

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मद्रासला आपली कोलन वर्गीकरणपद्धती छापली, तीत हाच पेच होता. पुस्तक फळीवर एकाच जागी उभं राहू शकतं, पण त्याला पैलू अनेक असतात; मग प्रत्येक पैलूला आपापलं घर द्या. संगणकावर फोल्डर करणारे आपण अजून फळीवाल्यांसारखेच वागतो. ‘कंपन्या’ नावाचा फोल्डर केला की गावं हरवतात, गावांचा केला की नट हरवतात.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. यात तंत्राचा चमत्कार काही नाही. लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये दोन तक्ते. पहिल्यात प्रत्येक कॅसेटीची एक ओळ, ग्रंथालयात पुस्तकाला असतो तसा दाखल क्रमांक. तोच क्रमांक कॅसेटीवर, डबीवर आणि फाइलीच्या नावात. दुसऱ्या तक्त्यात प्रत्येक रात्रीची एक ओळ, आणि ती कुठल्या कॅसेटीत कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत आहे ते. घरच्यांना टीव्हीवर बघायला छोट्या प्रती करून त्या जेलीफिनमध्ये लावल्या, पण खरी वही म्हणजे हा तक्ता. आठवडाभर मला स्वतःचीच लाज वाटत होती. दोन महिने सॉफ्टवेअर धुंडाळून माणूस किराणा दुकानाच्या खतावणीवर यावा! पुढे एका ग्रंथपालबाईंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, “बरोबर केलंत, आता नावात आणखी काही कोंबू नका.”

कोंबलं होतं, म्हणूनच त्यांना दाखवायला गेलो होतो. सुरुवातीला मी हौसेने फाइलींना देवनागरीत लांबलचक नावं दिली: गाव, कंपनी, आख्यान, नट. घरातली साठवणपेटी लिनक्सवर चालते. तिथे फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं धरून ८५ चिन्हं. ‘श्री देव’ आणि ‘दशावतार नाट्य मंडळ’ लिहीपर्यंतच पाव हिस्सा खलास.

आणि मग गाऱ्हाणं हरवलं. जत्रेच्या आधी देवापुढे घातलेली गाऱ्हाणी नानांनी आवर्जून टिपली होती, कारण प्रत्येक गावचं गाऱ्हाणं निराळं. त्यांचा फोल्डर मी लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर केला आणि तिथून साठवणपेटीत नेला. पुढे ‘गाऱ्हाणे’ म्हणून शोधलं की उत्तर शून्य. फोल्डर तर समोर दिसतोय! मान खाली घालून तासभर त्याच्याकडे बघत बसलो. कारण कळलं ते असं. आपला हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच. काही संगणक फाइलीचं नाव जपून ठेवताना अखंड ‘ऱ’ फोडून ठेवतात, काही जसाच्या तसा ठेवतात. मी टंकलेला अखंड, पेटीतला फोडलेला. शोधणाऱ्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. वऱ्हाड, कऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा, ज्यांच्या नावात हे अक्षर आहे त्या सगळ्यांच्या वाट्याला हे येऊ शकतं. इंग्रजीत काम करणाऱ्याला जन्मात कळायचं नाही. त्या दिवसापासून फाइलीच्या नावात फक्त क्रमांक.

तारखांनी याहून जास्त छळलं. कुठलाही प्रोग्राम पहिल्यांदा तारखेनेच रचना करतो, आणि आमच्या सगळ्या फाइलींची तारीख उतरवल्या दिवसाची. सगळे दशावतार जणू गेल्या वर्षी झाले. काही चित्रणांत कोपऱ्यात तारीख उमटलेली आहे, पण कॅमेऱ्याच्या घड्याळाचा बटणसेल संपला की तेही पहिल्या जानेवारीवर जाऊन बसतं. नानांनी सेल बदलल्याचं काही कुणाला आठवत नाही. मी तारीख विचारली की नाना वैतागत. “तारीख कसली इचारतंस? तिथी इचार.” गावची जत्रा बहुधा तिथीला बांधलेली असते, त्यामुळे गाव कळलं की तिथी कळते, उरतं फक्त साल. म्हणून तक्त्यात तारखेच्या आधी तिथीचा रकाना आला. आंगणेवाडी तेवढी अपवाद. भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस देवीचा कौल घेऊन ठरतो, तिथे पंचांग उपयोगाचं नाही. तिथल्या दोन कॅसेटींचं साल नानांच्या खिशातल्या ड्युटीच्या डायऱ्यांवरून लागलं. जादा गाडी, परतीची वेळ, खाली पेन्सिलीने ‘थंडी’.

एक कॅसेट अशी सुटली, तिचं मला अजून कौतुक वाटतं. वर ‘कुणकेश्वर, शिवरात’ एवढंच. दशावतार नाही, नुसती जत्रा: समुद्र, खाजाची दुकानं, माणसं. महाशिवरात्र १९९६ मध्ये १७ फेब्रुवारीला आली होती, १९९७ मध्ये ७ मार्चला, १९९८ मध्ये २५ फेब्रुवारीला. यातली कुठली? वाटेतल्या एका भिंतीवर निवडणुकीची चिन्हं रंगवलेली दिसतात. म्हणजे १९९८, लोकसभेची धामधूम. मी ओळ भरली सुद्धा. मग आठवलं, १९९५ च्या शिवरात्रीलाही विधानसभेची निवडणूक चालूच होती. पुन्हा कॅसेट लावली. चौदाव्या मिनिटाला माझी चुलत बहीण काकूच्या कडेला उभी राहून कॅमेऱ्याकडे बघून हसते. तिचा जन्म १९९१ चा. वरचे दोन दात गायब. चौथ्या वर्षी कुणाचे दात पडत नाहीत. १९९८.

चेहरे ओळखणारे प्रोग्रामही चालवून पाहिले. रंगवलेले चेहरे, त्यात स्त्रीपार्टी करणारे पुरुष. एकाच नटाचे त्यांनी चार जण केले, त्यातल्या दोन बाया. बोललेलं उतरवून काढणारा एक प्रोग्राम लावला, तर राजाची छापील वळणाची मराठी त्याला बऱ्यापैकी उमगली. संकासुर मालवणीत सुरू झाला आणि पडद्यावर जे उमटलं ते वाचून काकू हसून हसून खाली बसली. तरी हे प्रोग्राम मी टाकून दिलेले नाहीत. राजाच्या भाषणातली स्थळांची आणि पात्रांची नावं हुडकायला त्यांचा उपयोग होतो, आख्यान कुठलं ते लवकर कळतं.

बाकी ओळख नानांची. त्यांना मोतीबिंदू आहे, एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पडद्यावर त्यांना रंग दिसतात तेवढेच. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की ते माडीच्या जिन्यात खुर्ची टाकून बसत, मी वर यंत्र लावून आवाज मोठा करी. अर्धं मिनिट. “थांब.” मी थांबवी. “ह्यो पखवाज त्याचोच. डावो हात बघ कसो ओढून मारता तो.” मी म्हटलं, मला तर सगळे सारखेच ऐकू येतात. “तू डोळ्यान आयकतंस.” मग कंपनी, मग राजपार्टी, मग त्या रात्री पावसाचे दोन थेंब पडले होते आणि पेटीवाल्याने पेटीवर घोंगडी टाकली होती, हे सगळं येई. मी लिहीत जाई. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयावरून माझं रोजचं जाणं-येणं. १९६४ मध्ये सुरू झालेलं ते संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायरांवर ‘सेल्युलॉइड मॅन’ नावाचा २०१२ चा माहितीपट आहे. अंधारात बसून वहीत टिपणं घेणारे आणि कुठलं दृश्य कितव्या रिळात आहे हे तोंडी सांगणारे नायर त्यात दिसतात. तो पाहताना मला जिन्यातली खुर्ची आठवत राहिली. नायरांकडे निदान वह्या होत्या.

किरकोळ गोष्टी उरकून टाकतो. प्रती तीन, दोन वेगळ्या जातीच्या साधनांवर, निदान एक दुसऱ्या गावी; एक डिस्क कुडाळला, एक पुण्याला, एक बहिणीकडे बोरिवलीला. दर सहा महिन्यांनी फाइलींचे ठसे पुन्हा काढून जुन्या ठशांशी ताडायचे, म्हणजे आतून कुजलेली फाइल लक्षात येते. तक्त्यात ‘परवानगी’ असा एक रकाना आहे. कॅसेट नानांची असली तरी कला नटाची, आणि कायद्याने प्रयोग करणाऱ्या कलावंताचा हक्क ५० वर्षं राहतो. नानांनी तेव्हा तोंडी विचारलं होतं. आता मी एकेकाला, नसेल त्याच्या मुलांना, भेटून विचारतोय. बऱ्याच घरांत आधी चहा होतो, मग रडू येतं, मग ते म्हणतात, आमका एक प्रत दी.

गेल्या मे महिन्यात उतरलेल्यांपैकी सात कॅसेटी तेवढ्या ओळखायच्या उरल्या. ओळीने क्रमांक असलेल्या, एकाच जातीच्या, स्वच्छ. नानांनी सातही ऐकल्या. कंपनी सांगितली, गाव सांगितलं, नट सांगितले, साल १९९९ च्या आसपासचं सांगितलं. पण गप्प गप्प. शेवटी म्हणाले, “मी ह्या कदी बघूकच नाय.”

मला वाटलं, झालं, विसरायला लागले. तेवढ्यात खालून स्वयंपाकघरातून काकू ओरडली, “कशे बघशात? त्या वर्सा तुमचा ऑपरेशन नाय झाला? मास्तरांच्या झिलान कॅमेरो नेल्यान!”

नाना दोन क्षण थांबले. “लाव पुन्हा,” म्हणाले. मी पहिली लावली. पखवाज, पेटी, झांज, मधेच कुणी देणगीदाराचं नाव पुकारतंय. पाच मिनिटांनी नाना म्हणाले, “बराबर. माजो खोकलो नाय हेच्यात.”

बाकीच्या सगळ्या कॅसेटींत तो आहे. कॅमेऱ्याच्या माइकाला चिकटून, कोरडा, दर पाच-सात मिनिटांनी. दोन वर्षं मी तो ऐकत होतो आणि उतरवताना आलेला दोष समजून नोंदीत ‘आवाज खराब’ लिहीत होतो. तक्त्यात नवा रकाना घातला, ‘कॅमेरा कोणाचा’. मग पहिल्या कॅसेटीपासून पुन्हा सुरुवात केली. आता एकशे बाराव्यावर आहे.